इटलीनं किती खेळाडू बदलले?

प्रश्न : २०१८च्या फुटबॉल विश्वचषकाला पात्रसुद्धा न ठरलेला इटली पुढे युरो चषक कसा जिंकला? आमच्या तालमीचा संघ हरला की लगेच ‘अर्धी टीम बदला’ अशी ओरड होते, म्हणून विचारतो.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन सामन्यांतले संघ शेजारी-शेजारी ठेवून बघा. १३ नोव्हेंबर २०१७, मिलानचं सान सिरो मैदान. पात्रतेसाठीच्या दोन सामन्यांतला दुसरा : स्वीडनशी ०-०, आधीचा सामना ०-१ असा गमावलेला, म्हणजे १९५८ नंतर प्रथमच इटली विश्वचषकाबाहेर. आणि ११ जुलै २०२१, लंडनचं वेम्बली मैदान, इंग्लंडविरुद्ध युरोची फायनल. बोनुची, किएलिनी, जॉर्जिन्यो, इमोबिले हे चौघं दोन्हीकडे पहिल्या अकरांत! वेम्बलीवर पुढच्या फळीत खेळलेला इन्सिन्ये सान सिरोवर बाकावरच बसून राहिला. गोलाची गरज असताना बाकावरच्या डी रॉसीला, म्हणजे बचावाकडे झुकलेल्या मधल्या फळीच्या खेळाडूला, वॉर्मअप करायला सांगितलं, तर तो इन्सिन्येकडे बोट दाखवून भडकला : आपल्याला बरोबरी नको, जिंकायचंय, याला उतरवा.

त्या रात्री चेंडू बहुतेक वेळ इटलीकडेच होता. पण बाजूनं उंच क्रॉस टाकायचे आणि स्वीडनच्या धिप्पाड बचावपटूंनी ते डोक्यानं परतवायचे, हेच चाललं.

मे २०१८मध्ये प्रशिक्षक झालेल्या मॅन्चिनीनं हे मोडलं. तीन बचावपटूंची रचना सोडून ४-३-३ आणली, म्हणजे चार बचावपटू, तीन मधल्या फळीत, तीन पुढे. जॉर्जिन्यो आणि व्हेराट्टी, दाटीतही पायातला चेंडू न सोडणारे दोघं एकत्र मध्यभागी. चेंडू गेला तर मागे पळायचं नाही, तिथंच झडप घालायची. डावीकडून बचावपटू स्पिनाझोला वर चढला की इन्सिन्ये आत सरकून गोलच्या दिशेनं तोंड करायचा. उंच क्रॉसची गरजच उरली नाही.

नवी पोरंही आली. झानिओलोला तर सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये एकही सामना खेळलेला नसताना बोलावलं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. सप्टेंबर २०१८मध्ये पोर्तुगालकडून हरल्यावरही मॅन्चिनीनं पद्धत सोडली नाही. त्यानंतर इटली सलग ३७ सामने हरला नाही. फायनलला दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडनं गोल केला, तरी घाईचे लांब फटके नाहीत. ६७व्या मिनिटाला बोनुचीनं बरोबरी साधली आणि पेनल्टींवर गोलरक्षक डोनारुम्मानं चषक मिळवून दिला. डी रॉसी तेव्हा मॅन्चिनीच्या सहायकांत होता.

तुमच्या संघात मधल्या फळीला कोण खेळतं, आणि चेंडू मिळाल्यावर ते पहिला पास कुठं देतात, हे पुढच्या पत्रात जरूर कळवा.