ब्रिटनमधल्या विद्यार्थी संघटनेत शेवटचा शब्द कुणाचा : सर्वसाधारण सभेचा की विश्वस्तांचा?

पैसा, मालमत्ता आणि कायदा यांबाबत शेवटचा शब्द विश्वस्त मंडळाचा. संघटना धर्मादाय संस्था म्हणून नोंदवलेली असली की तिचा पैसा घटनेत लिहिलेल्या उद्देशासाठीच, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आणि हितासाठीच वापरावा लागतो; सभेत ठराव बहुमताने मंजूर झाला म्हणून तो दुसरीकडे वळवता येत नाही. १९७२ चा ससेक्स विद्यापीठाचा खटला पाहा. तिथल्या विद्यार्थ्यांनी शाळकरी मुलांचं मोफत दूध बंद करण्याविरुद्धच्या मोहिमेला संघटनेतून पैसे द्यायचं ठरवलं होतं. हेतू चांगलाच होता, पण न्यायालयाने ते देणं अडवलं. असा ठराव आज आला तर विश्वस्तांनी नाही म्हणायलाच हवं, कारण जबाबदारी त्यांच्यावर येते.

तरी विद्यार्थ्यांच्या हाती काहीच उरत नाही असं मुळीच नाही. १९९४ च्या शिक्षण कायद्याने त्यांना हे दिलं आहे:
- प्रमुख पदांची निवडणूक गुप्त मतदानाने
- पगारी निवडून आलेल्या पदावर एका व्यक्तीला एकूण दोनच वर्षं
- दर वर्षी जमाखर्च जाहीर
- सभासद न होण्याचा हक्क

निवडून आलेले पदाधिकारी बहुधा स्वतःच विश्वस्त असतात, सोबत बाहेरचे अनुभवी लोक. किती कोण, हे मात्र प्रत्येक संघटनेच्या घटनेवर ठरतं, त्यामुळे तुमच्या संघटनेची घटना आधी वाचा. स्कॉटलंडमध्ये धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारा नियामक वेगळा आहे.