सुख हाच नीतीचा पाया मानला तर बिघडतं कुठे?

तुम्ही विचारलंय की प्रत्येक माणूस शेवटी सुखासाठीच धडपडतो, मग सुख हाच नीतीचा पाया मानायला हरकत काय? या एका वाक्यात दोन विधानं एकमेकांत अडकली आहेत. आधी ती सोडवू.

‘प्रत्येक जण सगळं सुखासाठीच करतो’ हे ऐकायला बिनतोड वाटतं, कारण कुठलंही उदाहरण दिलं तरी उत्तर तयार असतं. आई रात्रभर तापलेल्या मुलाच्या उशाशी बसली? तिला त्यातच समाधान. कुणी अनोळखी माणसासाठी पाण्यात उडी घेतली? नाहीतर त्याला स्वतःलाच झोप लागली नसती. यातली गोम जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत दाखवून दिली होती. त्याचा मुद्दा तापाच्याच उदाहरणावर लावून बघा. ताप उतरल्यावर आईला बरं वाटतं, कारण तो उतरायला तिला आधीपासून हवा असतो. तिला हवं होतं ते मुलाचं बरं होणं. समाधान त्याच्या मागून आलं. मुलाचं तिला काही पडलेलंच नसतं, तर ताप उतरला काय आणि न उतरला काय, तिला कसलं समाधान मिळणार होतं?

बरं, पहिलं विधान खरं धरलं तरी दुसरं त्यातून निघत नाही. लोकांना एखादी गोष्ट हवी असणं वेगळं आणि ती हवी असायला योग्य असणं वेगळं. सुखालाच नीतीचा पाया मानणारा जॉन स्टुअर्ट मिलसारखा मोठा इंग्रज तत्त्वज्ञही १८६१ साली इथे घसरला. एखादी वस्तू दिसू शकते याचा पुरावा म्हणजे लोकांना ती दिसते, तसंच एखादी गोष्ट इष्ट आहे याचा पुरावा म्हणजे लोक तिची इच्छा करतात, असं त्याने लिहिलं. जी. ई. मूर या इंग्रज तत्त्वज्ञाने १९०३ साली त्यातला घोटाळा नेमका पकडला. आपल्याकडे तर हा घोटाळा शब्दातच बसलाय. ‘इष्ट’चा मूळ अर्थ ‘इच्छिलेलं’ आणि आपण तो वापरतो ‘योग्य’ अशा अर्थाने.

एवढ्यावर सुखवाद, म्हणजे सुख हाच नीतीचा पाया हे मत, निकालात काढणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. या मताचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम. त्याचं मोठं पुस्तक १७८९चं. ‘निसर्गाने माणसाला सुख आणि दुःख या दोन धन्यांच्या हाती दिलंय’ अशा अर्थाच्या वाक्याने ते सुरू होतं आणि पुढे बरंच रुक्ष आहे. पण ‘यात दुखतं कुणाला?’ हा प्रश्न त्याने जिथे जिथे नेला, तिथे रूढीची बोलती बंद झाली. प्राण्यांबद्दल तो म्हणाला की त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारूच नका. त्यांना वेदना होतात का ते विचारा. समलिंगी संबंधांना शिक्षा असू नये, कारण त्यात कुणाचं नुकसान होत नाही, हे त्याने १७८५च्या सुमारास लिहून ठेवलं. छापायची सोय नव्हती. तो मजकूर प्रसिद्ध व्हायला १९७८ उजाडलं. नीतीच्या नावाखाली नुसता तिरस्कार चाललाय की काय, हे तपासायला याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही.

अडतं ते बेरजेपाशी. बेंथमला सुखाची तीव्रता, कालावधी वगैरे मोजून हिशोब मांडायचा होता. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली लोकांना एक हात ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात धरायला लावला. दुसऱ्या हाताला तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद, पण त्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलेलं. दुसऱ्या वेळी एकूण त्रास जास्तच झाला. पण ‘आता यातलं कुठलं पुन्हा कराल?’ म्हटल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. मग जमेला काय धरायचं, भोगलेलं की आठवणारं? माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि बेरीज करू म्हणणाऱ्यांकडेही मला ते सापडलेलं नाही.

आणि बेरीज जमली तरी वाटपाचं काय? टिळकांनी ‘गीतारहस्या’त ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या तत्त्वाला चांगलंच फैलावर घेतलंय. कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात. मग डोकी मोजून पांडवांची बाजू अन्यायाची ठरवायची का, असा त्यांचा खोचक सवाल आहे. बेंथमवाला म्हणेल की नुसती डोकी नाही, दूरचे परिणामही मोजा. मोजा की! पण निकाल मनासारखा लागेपर्यंत परिणाम वाढवत नेणं याला मोजणं म्हणत नाहीत.

माझं स्वतःचं मत मात्र पुस्तकातून बनलेलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत आईची स्मृती गेली होती. संध्याकाळ झाली की ती पांघरुणाचा काठ चिमटीत धरून चोळत बसायची आणि विचारायची, ‘दादा कधी येणार रे?’ दादा म्हणजे माझा मामा. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. सुरुवातीला मी खरं सांगायचो. दर वेळी तिला ते नव्यानेच कळायचं, आणि ती दर वेळी तितकीच रडायची. मग मी ‘उद्या येतोय’ म्हणायला लागलो. चेहरा सैल व्हायचा, हात थांबायचा, झोप लागायची. बेंथमच्या वहीत हे सगळं जमेलाच.

एका रात्री तिने माझं मनगट धरून विचारलं, ‘खरं सांगतोयस ना?’

मी ‘हो’ म्हणालो. पण तेव्हा कळलं की तिला नुसता धीर नको होता, दादा खरोखर यायला हवा होता. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली एका काल्पनिक यंत्राबद्दल विचारलं होतं. त्याला जोडून घेतलं की हवा तो सुखाचा अनुभव मिळतो, प्रत्यक्षात मात्र काहीच घडत नाही. जोडून घ्याल का? आईसाठी ते यंत्र मीच झालो होतो.

सुखवादी म्हणेल, तुझ्या मनाला लागलं ना, मग तेही दुःखाच्या खात्यात मांड, हिशोब पुरा. पण हा पुन्हा बटलरचाच पेच. मला लागलं, कारण तिला खरं सांगणं मी तिचं देणं लागतो असं मला आधीपासून वाटत होतं.

त्यानंतर मी वेगळं करून पाहिलं. तिने दादाचं विचारलं की मी विचारायचो, ‘लहानपणी कसा होता गं तो?’ ती सांगत बसायची, त्याने तिला पोहायला कसं शिकवलं, तिची वही कशी लपवली. सांगता सांगता झोपायची. तिच्या सुखापुरतं पाहिलं तर ‘उद्या येतोय’नेही हेच साधत होतं, तरी मी हा दुसरा रस्ता शोधला. तोही दर वेळी लागू पडायचा असं नाही. काही रात्री ‘उद्या’च म्हणावं लागलं.