आजोबांच्या दहाव्याला सगळे कावळ्याशी का बोलत होते?

चि. ओजस,

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "सगळे कावळ्याशी काय बोलतायत? आणि प्रत्येक जण वेगळंच का सांगतोय?" घाटावर इतका गलका होता की तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता लिहिते. जोडाक्षरं अडली तर बाबांना विचार.

माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचे पिंड ठेवतात. आम्ही साताऱ्याजवळ माहुलीला गेलो होतो, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याच्या मनात काही राहिलं नाही असं मानतात. शिवला नाही तर काहीतरी राहिलंय. मग घरचे अंदाज बांधतात आणि हात जोडून मोठ्यानं शब्द देतात. फारच उशीर झाला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि मंडळी जेवायला मोकळी होतात.

आजोबांचे कावळे समोरच्या झाडावर बसले होते, पण एकही खाली येईना.

माझा काका म्हणाला, "आबा, बांधाचं भांडण मिटवतो." कावळे ढिम्म. हे आबांनीही खरं मानलं नसतं.

मग त्यांचे पलटणीतले एक मित्र काठी टेकत पुढे आले. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पहिल्या बटालियनमध्ये. तिला जंगी पलटण म्हणतात. डिसेंबर १९७१ च्या युद्धात या पलटणीनं जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागचा रस्ता अडवला होता. भारतीय ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर तिथल्या पाकिस्तानी अधिकाऱ्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ही गोष्ट आबांनी तुला सांगितलीय, अगदी अभिनयासकट. त्यांनी न सांगितलेली आता ऐक. त्या लढाईत त्यांच्या शेजारचा एक मुलगा गेला. मित्र कावळ्याकडे बघून म्हणाले, "मेजर, डिसेंबरात त्याच्या घरी मी जाईन. चुकणार नाही." (आबा मेजर नव्हते, नाईक होते. पण आमच्याकडे गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच.) दर डिसेंबरात आबा पिशवी घेऊन दोन दिवस कुठे जायचे, ते मला तिथे घाटावर कळलं. आम्हाला वाटायचं, ड्युटी लागली असेल.

ड्युटी म्हणजे एसटीची. फौजेतून माणूस पस्तिशीतच घरी येतो, पोरं शाळेत असतात, पेन्शन पुरत नाही. आबा कंडक्टर झाले. वर्दी पुन्हा आली, पण आता खाकी, खांद्याला कातडी पिशवी आणि हातात तिकिटाचा पंच. गाडीत शिरले की पंच टकटक वाजवत मागच्या बाकापासून सुरुवात करायचे, म्हणजे दारातल्या गर्दीत कुणी सुटत नाही. त्यांच्या डेपोतले एक जण म्हणाले, "आबा, रात्रीच्या शेवटच्या गाडीला एकटी बाई असली तर तुमच्यासारखंच घरापर्यंत सोडायला सांगू पोरांना." हेही मला माहीत नव्हतं. त्यांना घरी यायला उशीर व्हायचा म्हणून माझी आई चिडायची, एवढंच आठवत होतं.

आणि मग कुणीतरी म्हणालं, नातवाचं बोला.

तू गेल्या सुट्टीत ओसरीवर खुर्च्या मांडून एसटी केली होतीस ना? पंच खात्याचा असायचा, तो निवृत्तीला परत द्यावा लागायचा. म्हणून आबांनी तुझ्यासाठी बाजारातून कागदाला भोकं पाडायचं यंत्र आणलं, रंगीत कागदाची तिकिटं कापली आणि स्वतः प्रवासी होऊन सुट्ट्या पैशांवरून तुझ्याशी कडाकडा भांडले. कंडक्टरशी भांडायची इतक्या वर्षांची हौस त्यांनी तुझ्यावर भागवली. नंतर कॉल ठेवतानाही "डबल बेल!" ओरडायचे, आणि तू "टिंग टिंग" केल्याशिवाय फोन ठेवायचे नाहीत. त्यांचं सगळ्यात जास्त मन तुझ्यातच होतं, यावर घाटावर कुणाचं दुमत नव्हतं.

कावळा कधी शिवला सांगू? कुणीच बोलत नव्हतं तेव्हा. गुरुजींचा फोन वाजला, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि तेवढ्यात एक सोडून दोन कावळे येऊन गेले. आता काका म्हणतो माझ्यामुळे, मित्र म्हणतात माझ्यामुळे. कावळ्याला काही ऐकू गेलं असं मला वाटत नाही. मला मात्र बरंच ऐकू आलं.

आता तुझ्यापुरतं. त्या गर्दीत सगळ्यांसमोर मी शब्द देऊन बसलेय की ओजसला तिकडच्या दर उन्हाळी सुट्टीत महिनाभर गावी आणीन. तेव्हा येत्या जुलैत स्विमिंग कॅम्प नाही. तक्रार असेल तर आजीला फोन करून सांग, आणि मराठीतून सांग.

तेरावं झालं की निघते.

तुझी,
आई