धार येत नसेल तर आधी गेज लावा

प्रश्न : माझ्या भावाची फायबरची छोटी होडी आहे. वरळी कोळीवाड्यातून तो मासेमारीला जातो. जुनं इंजिन कामातून गेलं. आता ओळखीतल्या एकाकडे 15 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, 35,000 रुपयांना मिळतंय. पावसाळाभर पडून होतं. दोरी ओढली की चालू होतं, पण दोन मिनिटांत बंद पडतं, आणि मागून पाण्याची धार येत नाही. विकणारा म्हणतो, कार्बोरेटर साफ केला की झालं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली म्हणून भावाला घाई आहे. पैसे मी देणार आहे, मासळी विकून साठवलेले. घ्यावं का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : ताई, आज टोकनसुद्धा देऊ नका. इंजिन वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात आणि विकणारा एकाच तक्रारीचा इलाज सांगतोय. कार्बोरेटरचा आणि पाण्याच्या धारेचा काही संबंध नाही.

आउटबोर्ड समुद्राचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. खालच्या पायात रबराच्या पात्यांचा इम्पेलर असतो, तो पाणी वर सिलिंडरभोवती चढवतो आणि त्यातलीच थोडी धार मागच्या भोकातून बाहेर पडते. ती धार दिसली नाही तर तीन शक्यता. भोकात मीठ-कचरा अडकलाय, मग तार घालून काम होतं. इम्पेलर गेलाय, तर रबराचा भाग बदलायचा, हेही परवडतं. तिसरी शक्यता वाईट आहे. आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजल्यात. मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडावं लागतं, आणि खाऱ्या पाण्यातल्या जुन्या इंजिनाचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असे धरलेले असतात की उघडताना अर्धे तुटतात. एक तुटलेला बोल्ट काढायला कारागिराचा अख्खा दिवस जातो.

म्हणून खरा प्रश्न असा, की धार नसताना हे इंजिन किती चाललंय? कोणी तसंच दामटून खाडीत नेलं असेल, तर पिस्टन आणि रिंगा भाजल्या असतील. ते बाहेरून कळत नाही. थंड असताना दोरी ओढली की छान चालू होतं, आणि गिऱ्हाइकाला दाखवतात तेही थंडच.

कळायची सोपी वाट म्हणजे कॉम्प्रेशन गेज, सिलिंडरमधला दाब मोजायचं काट्याचं यंत्र. ते प्लगच्या भोकात लावतात. तुमचा स्वतःचा मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको. त्याच्या मजुरीचे पैसे वाया गेले असं मानू नका. दोन्ही प्लग काढायचे, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थिंग द्यायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. आकडा किती यावा ते मॉडेलवर ठरतं, पण दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एकात 110 पीएसआय आणि दुसऱ्यात 70 आले, तर 35,000 काय, 15,000 लाही नको म्हणा. काढलेले प्लगही नीट बघा. टोक तेलकट काळं असेल तर चालतं. त्यावर चंदेरी बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम असतं, तिथेच थांबायचं.

गेज बरं बोललं तर इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये लावून बघा. इंजिन ज्यातून पाणी ओढतं त्या खालच्या जाळीच्या बरंच वर पाणी हवं. कोरडं चालवू देऊ नका, कोणी कितीही म्हटलं तरी, रबर काही सेकंदांत जळतं. धार मिनिटभरात आली नाही तर बंद करायला सांगा. इंजिनाचा दम सुटायला लागला की पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी बल्ब दाबा. उचल घेतली तर दोष पेट्रोलच्या पंपात किंवा पाइपात आहे, तो सुटतो. बंद पडल्या पडल्या दोरी जड झाली, तर गरम होऊन पिस्टन आवळतोय, आणि ती गोष्ट वेगळी.

कार्बोरेटरचं विकणारा म्हणतो तेही खरं असू शकतं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं, जुने रबरी पाइप मऊ करतं, आणि पावसाळाभर टाकीत राहिलं की कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, चिकटा बसतो. एवढंच असेल तर हे इंजिन घेण्याजोगं आहे. मला स्वतःला टू-स्ट्रोक आवडतात, हलके असतात आणि किनाऱ्यावर उघडता येतात.

आता गिअर ऑईल. पायाला दोन स्क्रू असतात. इंजिन रात्रभर उभं ठेवून सकाळी खालचा थोडा सैल करा. आधी पाणी ठिबकलं किंवा ऑईल दूध घातलेल्या चहासारखं आलं, तर सील गेलेत आणि पाणी आत बसलंय. सील बदलता येतात, पण पाणी किती महिने होतं ते कोणी सांगणार नाही, आणि गंजलेले गिअर-बेअरिंग महाग पडतात. त्या स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर मऊ राखाडी लगदा चालतो, धातूचे कण दिसले तर नको. पायाला ताजा रंग मारला असेल तर नखाने खरवडून बघा, खाली फुगवटे दडवलेले असतात. इंजिन कधी समुद्रात बुडालं होतं का, हे सरळ तोंडावर विचारा. बुडालेलं इंजिन लगेच धुऊन चालवलं नाही तर आतली बेअरिंगं गंजतात.

भावाला सांगा, होडीच्या ज्या मागच्या फळीवर इंजिन बसतं तिची उंची मोजून न्यायची. शाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या पायाची लांबी, आखूड 15 इंची की लांब 20 इंची, तेच आधी बघायचं. चुकीच्या शाफ्टचं फुकट मिळालं तरी उपयोग नाही. मॉडेल नंबरचा फोटो पार्टवाल्याला दाखवा. इम्पेलर, हेड गॅस्केट, सील आज मिळतात का ते ऐका. मग सगळे पार्ट आणि मजुरी 35,000 त मिळवा. बेरीज तेवढ्याच ताकदीच्या नव्या इंजिनाच्या निम्म्यावर गेली तर सोडून द्या. माझा हा ठोकताळा आहे आणि मी तो मोडत नाही. बिल आणि सीरियल नंबरची पट्टी नसेल तर बोलणीच करू नका.

घाईबद्दल एवढंच. वरळीच्या कोळ्यांनी भांडून क्लीव्हलँड बंदराजवळ कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांतलं अंतर 60 वरून 120 मीटर करून घेतलं, ते उगाच नाही. ओहोटीच्या ओढीत तिथे इंजिन बंद पडलं तर होडी खांबाकडे जाते, आणि दोरी ओढायला वेळ मिळत नाही. म्हणून घेतलंत तरी पहिले काही दिवस किनाऱ्याजवळ, भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळी, दुसरी होडी सोबत ठेवून चालवायचं. वल्ही आणि नांगर होडीत असलेच पाहिजेत. पौर्णिमेला भावाने दुसऱ्याच्या होडीवर हात लावला तरी मोसम हातचा जात नाही.