रविवारी ऐकलेलं वचन सोमवारी कृतीत कसं आणायचं?

दर रविवारी चर्चमधला संदेश मनाला भिडतो, पण सोमवारपर्यंत काहीच उरत नाही, मग विश्वासाने चालायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (1:23-25) नेमका हाच माणूस भेटतो: आरशात तोंड पाहतो, बाजूला होतो आणि आपण कसे दिसत होतो तेच विसरतो. दुसरा मात्र वचनात न्याहाळून पाहतो. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद वाकून डोकावण्याचं आहे. योहान 20 मध्ये येशूच्या कबरेत ओणवून पाहणाऱ्यांसाठीही तेच आलंय. म्हणून शास्त्रभाग आदल्या रात्रीच वाचून ठेवा. उपासनेत दहा मुद्दे टिपू नका. दोनच ओळी लिहा: वचन काय सांगतं, आणि त्यामुळे मी उद्या कोणासाठी, किती वाजता, काय करणार.

दुसरी ओळ बहुतेकांची फसते. ‘जास्त प्रेम करीन’ यात करण्याजोगं काहीच नाही. मत्तय 5:23-24 घ्या. भावाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर, असं तिथे नाही. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर, असं आहे. अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. मग ओळ होते: ‘सोमवारी सातला दादाला फोन. माझं बोलणं चुकलं, एवढंच सांगायचं.’ त्यात ‘पण’ आला की माफी राहते बाजूला आणि जुना वाद सुरू होतो. तो बोलू लागला की मध्येच तोडू नका (नीतिसूत्रे 18:13), वचनंही ऐकवू नका. दुःखात बुडालेल्या ईयोबाला भेटायला आलेले मित्र सात दिवस गप्प होते तोवर बरे होते; मग उपदेश करू लागले!

मन तयार व्हायची वाट पाहू नका. लूक 17 मधले दहा कुष्ठरोगी याजकांकडे निघाले तेव्हा बरे झाले नव्हते; जाता जाता झाले.

माफी मागणं, खरं बोलणं, उपाशी माणसाला जेवू घालणं, याबाबत वचन स्पष्ट आहे. तिथे ‘प्रार्थना करून बघतो’ ही माझ्या मते बहुतेक वेळा टाळाटाळच. नोकरी, लग्न, कर्ज यांचं उलट आहे. एक ओळ मनाला लागली म्हणून ‘देव बोलला’ म्हणू नका. अख्खा अध्याय वाचा आणि तुम्हाला तोंडावर ‘नको’ म्हणेल अशा प्रौढ विश्वासणाऱ्याला विचारा. बिरुया गावचे लोक तर प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्राशी ताडून पाहत (प्रेषितांची कृत्ये 17:11).

शनिवारी वही उघडा. मागची दुसरी ओळ राहिली असेल तर नवी लिहू नका. तीच नवी वेळ घालून लिहा.