अमेरिका आणि चीन एकमेकांशी व्यापार खरंच तोडू शकतील का?

कागदावर तो बराच तुटलाय. अमेरिकेच्या आयातीत चीनचा वाटा २०१७ मध्ये साधारण २१ टक्के होता, २०२४ पर्यंत तो १३च्या आसपास आला. पण मेक्सिको-व्हिएतनाममधून जाणाऱ्या मालातले कितीतरी सुटे भाग आजही चिनीच असतात. म्हणजे वाट लांबली, एवढंच.

मी चाकणला ई-स्कूटरच्या मोटर बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी बघतो, त्यामुळे मोटरमध्ये लागणाऱ्या चुंबकांबद्दल खात्रीने सांगू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावरचं शुल्क वाढवत १४५ टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यं (ताकदवान चुंबकांसारख्या गोष्टींत लागणारे खास धातू) आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. भांडण दोघांचं, पण अट सगळ्या जगाला. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. माल शस्त्रास्त्रांसाठी वापरणार नाही असं हमीपत्र, त्यावर सरकारी शिक्के, मग चिनी दूतावास, आणि पुढे नुसती वाट बघणं. आमच्या चुंबकात या सातांपैकी डिस्प्रोसियम अगदी थोडं असतं, पण ते नसेल तर मोटर तापली की चुंबकाची ताकद उतरते. पर्याय शोधायचा तर मोटरचं डिझाइनच बदलावं लागतं.

रेअर अर्थची खनिजं अमेरिकेकडे नाहीत असं नाही. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही एकेकाळी जगातली सर्वांत मोठी रेअर अर्थ खाण होती. २००२ मध्ये ती बंद पडली, आणि नंतर पुन्हा सुरू झाली तेव्हाही तिथला माल कित्येक वर्षं शुद्धीकरणासाठी चीनलाच जायचा. ही मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करायला आम्लाच्या शेकडो टप्प्यांतून जावं लागतं, वर थोरियमचा किरणोत्सारी कचरा. हे घाणेरडं काम अमेरिकेने आनंदाने चीनला जाऊ दिलं, आणि कामाबरोबर हातचं कसबही गेलं. माझ्या मते खरी चूक ती. शुल्क एका सहीने वाढतं, कसबी माणसं तयार व्हायला वीस वर्षं लागतात. जपानला २०१० मध्येच, सेनकाकू बेटांवरून चीनशी झालेल्या वादात, रेअर अर्थचा पुरवठा अडल्याचा फटका बसला होता. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला, अवलंबित्व कमी झालं, पण अजून संपलेलं नाही.

आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, ती मला मनापासून हवी आहे. पण केरळ-ओडिशाच्या वाळूत निओडिमियम, म्हणजे या चुंबकांमधलं मुख्य रेअर अर्थ मूलद्रव्य, मिळतं, डिस्प्रोसियम नगण्य. ते कुठून आणायचं, हे आत्ताच ठरवायला हवं.