अ‍ॅनिमे नव्याने बघताय? आधी एवढं करा

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन. सुरुवातीलाच शेकडो भागांची मालिका हातात घेऊ नका. १२ किंवा २४ भागांची निवडा आणि निदान तीन भाग तरी बघा. 'शोनेन' हा शब्द सतत दिसेल. तो कथाप्रकार नाही, मांगाचा (जपानी चित्रकथांचा) मुलग्यांचा वाचकवर्ग आहे. त्यात खेळ, मारामारी, प्रेम सगळं येतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शांत जागा भरभर पुढे पळवणं. दिग्दर्शक मियाझाकींच्या २००१ च्या 'स्पिरिटेड अवे' चित्रपटामध्ये नायिका चिहिरो पाण्यावरून जाणाऱ्या रेल्वेत गप्प बसलेली असते. खिडकीबाहेर नुसतं पाणी, संवाद जवळजवळ नाहीच. या मोकळ्या जागेला जपानीत 'मा' म्हणतात. चिहिरोचं मोठं होणं तिथेच दिसतं, घाई करू नका!
- गाजलेले प्रसंग आधीच तुकड्यांत बघणं. त्यांचा जोर मागच्या भागांतून येतो.

पात्राच्या डोक्यावरचा घामाचा थेंब म्हणजे अवघडलेपण. बाकी खुणा बघता बघता कळतील.